एअर इंडियाचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर इंडियाचा विषय निघाला की वाचकांकडून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल आणि जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात शिरतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ‘टाटांनी उभारली, सरकारनं बुडवली, टाटांनी परत घेतली’ ही कहाणी सगळीकडे ऐकू येते. ती लक्षात ठेवायला सोपी आहे, पण मालक सरकार आणि अध्यक्ष जेआरडी टाटा अशी १९५३ ते १९७८ ही पंचवीस वर्षं ती गिळून टाकते. आणि एअर इंडियाचं जगभर नाव झालं ते नेमकं त्याच वर्षांत.

१. एअर इंडिया नक्की कधी सुरू झाली? कुठे १९३२ लिहितात, कुठे १९४६, कुठे १९४८.

तिन्ही सालं खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या घटनांची आहेत. १९३२ मध्ये टाटा सन्सच्या विमान विभागानं टपालसेवा सुरू केली. पुढे तिला टाटा एअर सर्व्हिसेस आणि मग टाटा एअरलाइन्स म्हणू लागले. २९ जुलै १९४६ रोजी तिची सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली आणि ‘एअर इंडिया’ हे नाव आलं. १९४८ मध्ये परदेशी मार्गांसाठी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही वेगळी कंपनी स्थापन झाली. १९५३ नंतर देशांतर्गत धंदा इंडियन एअरलाइन्सकडे गेला आणि एअर इंडिया हे नाव परदेशी सेवेकडे राहिलं. कंपनी स्वतः आपला जन्म १९३२ चा मानते आणि ते योग्यच आहे.

२. पहिलं विमान जेआरडींनी कराचीहून मद्रासपर्यंत नेलं, हे खरं का?

अर्धं खरं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन एकटे निघाले. अहमदाबादला इंधन भरून ते मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादचं इंधन बर्मा शेलनं बैलगाडीतून आणून ठेवलं होतं. जुहूपासून पुढे बेळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला.

टपाल लंडनहून इम्पिरिअल एअरवेजच्या विमानानं कराचीला यायचं. तिथून पुढे ते पोचवायचं कंत्राट टाटांकडे होतं. विमानात रेडिओ नाही, वाटेत दिशादर्शक यंत्रणा नाही आणि जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची मातीची सपाट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची तेव्हा सगळा बाडबिस्तारा पुण्याला हलवावा लागे. अशा परिस्थितीत पहिल्या वर्षात या सेवेनं सुमारे १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा मिळवला. वेळ पाळण्याची शिस्त कंपनीच्या अंगी लागली ती या टपालाच्या दिवसांत.

३. नेव्हिल व्हिन्सेंट यांचं नाव फारसं ऐकू येत नाही. ते कोण होते?

ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडून भारतात आलेले वैमानिक. टपालसेवेची मूळ योजना त्यांची. ती घेऊन ते टाटांकडे आले. टाटा सन्समधले जॉन पीटरसन यांनी ती उचलून धरली आणि सर दोराबजी टाटांनी २ लाख रुपयांच्या भांडवलाला मान्यता दिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, इंग्लंडहून भारताकडे येताना त्यांचं विमान बेपत्ता झालं. जेआरडींच्या बरोबरीनं त्यांचं नाव घेतलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

४. ‘एअर इंडिया’ हे नाव कोणी ठेवलं?

कर्मचाऱ्यांनी. १९४६ मध्ये इंडियन एअरलाइन्स, पॅन-इंडियन एअरलाइन्स, ट्रान्स-इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया असे चार पर्याय त्यांच्यापुढे ठेवून मतं मागवली होती. एअर इंडियाला सर्वाधिक मतं मिळाली.

५. ‘महाराजा’ कोणाच्या डोक्यातून निघाला?

कंपनीचे व्यापारी संचालक बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव या दोघांच्या. साल १९४६. लांब मिशा, मोठा फेटा आणि कमरेत वाकून स्वागत करणारा हा गृहस्थ आधी कंपनीच्या कागदांवर दिसला, मग जाहिरातींमधून जगभर फिरला. पॅरिसमध्ये तो चित्रकार होई, टोकियोत सुमो पैलवान. छोट्या विमानकंपनीकडे मोठ्या कंपन्यांएवढा जाहिरातीचा पैसा नव्हता. ती उणीव महाराजानं भरून काढली. सध्या त्याचं काय झालं, हे प्रश्न १६ मध्ये आहे.

६. पहिलं परदेशी उड्डाण कधी झालं?

८ जून १९४८ रोजी. मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडन. विमान होतं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव ‘मलबार प्रिन्सेस’. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. कंपनीची रचनाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारत सरकारचा वाटा ४९ टक्के, आणखी २ टक्के घेण्याचा हक्क राखून. बाकी भाग एअर इंडिया आणि जनतेकडे. म्हणजे सरकार आणि खासगी भांडवल एकत्र येण्याचा प्रयोग राष्ट्रीयीकरणाच्या पाच वर्षं आधीच झाला होता आणि त्याची कल्पना जेआरडींची होती. १९५० मध्ये नैरोबी आणि नंतर बँकॉक, हाँगकाँग, टोकियो, सिंगापूर असे मार्ग वाढत गेले.

७. १९५३ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली तेव्हा जेआरडी बाहेर पडले का?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. महायुद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली डाकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली आणि गरजेपेक्षा जास्त विमानकंपन्या उभ्या राहिल्या. बहुतेक तोट्यात गेल्या. त्यावर उपाय म्हणून हवाई महामंडळ कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून सगळ्या सेवा सरकारी झाल्या. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स बनली. परदेशी सेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल राहिली.

जेआरडींना हा निर्णय पटला नव्हता, आपल्याशी पुरेशी चर्चा झाली नाही याचं दुःखही होतं. तरी नेहरूंच्या सरकारनं त्यांना परदेशी सेवेच्या कंपनीचं अध्यक्षपद देऊ केलं तेव्हा त्यांनी ते स्वीकारलं आणि १९७८ पर्यंत सांभाळलं. मालक सरकार, पण कारभाराची दिशा एकाच जाणकार माणसाच्या हाती सलग पंचवीस वर्षं. पडद्याच्या रंगापासून चहाच्या चवीपर्यंत जेआरडी स्वतः टिपणं काढून पाठवत. पुढचं यश आणि नंतरची पडझड दोन्ही समजून घ्यायची तर हे सातत्य ध्यानात ठेवा (प्रश्न १३).

८. एअर इंडिया ही जगातली पहिली सर्व-जेट विमानकंपनी होती म्हणतात. हे अतिशयोक्त नाही का?

नाही. २१ फेब्रुवारी १९६० रोजी पहिलं बोइंग ७०७ ताफ्यात आलं आणि जेट वापरणारी ती आशियातली पहिली विमानकंपनी ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. जून १९६२ मध्ये पंख्याची उरलेली विमानं बाजूला झाली आणि ताफा संपूर्ण जेटचा बनला. नावातला ‘इंटरनॅशनल’ हा शब्दही तेव्हाच गळाला. ताफा लहान होता म्हणून हे लवकर जमलं, हेही खरं. पण ज्या देशाला परकीय चलनाचा पै पै हिशेब ठेवावा लागत होता, त्याच्या कंपनीनं हे करून दाखवलं याचं मोल त्यामुळे कमी होत नाही.

९. खिडक्यांभोवती झरोके रंगवलेलं ते जंबो विमान कुठे गेलं?

ते एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’. १९७१ मध्ये आलं. बाहेर झरोके, आत वरच्या मजल्यावर बैठकीची जागा, जाहिरातीत नाव ‘आकाशातला राजवाडा’. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेलं हे विमान उड्डाणानंतर काही क्षणांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जणांचा मृत्यू झाला. विमानाचा कल दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं आणि काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हतं. विमान उजवीकडे झुकलंय असा समज होऊन ते डावीकडे अधिकाधिक कलत गेलं.

१०. आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाची दोन विमानं पडली, की एकाच अपघाताच्या दोन तारखा सांगतात?

दोन वेगळे अपघात. ३ नोव्हेंबर १९५० रोजी पहिल्या परदेशी उड्डाणाचं तेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाला उतरण्यापूर्वी या पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’ जवळजवळ त्याच भागात आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. दुसऱ्या अपघाताबद्दल घातपाताच्या कथा आजही फिरतात. चौकशीत जे निघालं ते असं: विमानाचा दिशादर्शक यंत्राचा एक संच बंद होता, जमिनीवरच्या रडार नियंत्रकानं दिलेली जागा आणि वैमानिकाला समजलेली जागा यांत फरक पडला, आणि पर्वत मागे गेला असं समजून विमान खाली उतरू लागलं. तिथली हिमनदी अजून या विमानांचे अवशेष बाहेर टाकते. २०१२ मध्ये भारतीय वकिलातीच्या टपालाची एक थैली सापडली होती.

११. विमानात बॉम्ब ठेवल्याच्या घटना किती?

ठळक दोन. पहिली ११ एप्रिल १९५५ ची. ‘कश्मीर प्रिन्सेस’ हे विमान चीन सरकारनं इंडोनेशियातल्या बांडुंग परिषदेसाठी (आशियाई-आफ्रिकी देशांची बैठक) भाड्यानं घेतलं होतं. हाँगकाँगहून जाकार्ताला जाताना स्फोट झाला आणि १६ जण मृत्युमुखी पडले. लक्ष्य होते चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय. ते त्या विमानानं निघालेच नव्हते.

दुसरी ‘कनिष्क’ या विमानाची. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला येणारं उड्डाण १८२ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिकवर स्फोटानं फुटलं. ३२९ जण गेले. त्यांतले बहुसंख्य भारतीय वंशाचे कॅनेडियन नागरिक, कित्येक कुटुंबं मुलाबाळांसह. त्याच दिवशी एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी आलेल्या सामानात जपानच्या नारिता विमानतळावर स्फोट होऊन सामान हलवणारे दोन कर्मचारी मरण पावले. कट खलिस्तानवाद्यांचा होता. इतक्या मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरला एकच माणूस, आणि २००५ मध्ये दोघे निर्दोष सुटले. कॅनडाच्या चौकशी आयोगानं २०१० मध्ये तिथल्या यंत्रणांच्या चुकांवर स्पष्ट बोट ठेवलं. या कुटुंबांना न्याय मिळाला असं मी म्हणू शकत नाही.

१२. हवाई सुंदरीनं लग्न केलं की नोकरी जात असे, हे खरं का?

हो. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा गर्भवती राहिल्यावर, नोकरी संपत असे. निवृत्तीचं वय ३५. पुढे मुदतवाढ देणं न देणं व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. पुरुष कर्मचाऱ्यांना हे नियम लागू नव्हते. नर्गेश मिर्झा आणि सहकाऱ्यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भधारणेचा नियम रद्द केला आणि संचालकांचा मनमानी अधिकारही काढला. चार वर्षांच्या लग्नबंदीचा नियम मात्र न्यायालयानं कायम ठेवला. निकाल सांगताना ही बाजू बहुतेकदा वगळली जाते. कंपनीच्या सुवर्णकाळाचं कौतुक करताना हे नियमही त्याच काळातले आहेत, हे विसरून चालणार नाही.

१३. मग कंपनी एवढी तोट्यात गेली कशी? सरकारी मालकीमुळेच ना?

मालकी हे पूर्ण उत्तर नाही. १९५३ नंतरही मालक सरकारच होतं (प्रश्न ७). बदललं ते कारभार चालवण्याचं स्वातंत्र्य. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं आणि निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांना नेमलं. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी जेआरडींना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्ष म्हणून नाही. त्यानंतर वरची माणसं भराभर बदलत राहिली आणि छोट्यामोठ्या निर्णयांसाठी मंत्रालयाकडे पाहायची सवय पडली. याच काळात आखाती कंपन्या दुबईसारख्या केंद्रांतून भारताचे प्रवासी पश्चिमेकडे नेऊ लागल्या आणि देशात खासगी कंपन्या आल्या.

कंबरडं मोडलं ते २००५ नंतरच्या दोन निर्णयांनी. एअर इंडियासाठी ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्ससाठी ४३ एअरबस अशी १११ विमानांची खरेदी ठरली, ती मुख्यतः कर्जावर. विमानं लागणारच होती, पण कंपनीचं स्वतःचं भांडवल तुटपुंजं होतं. मग २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण झालं. एकीकडे रुंद (आत दोन मार्गिकांची) बोइंग, दुसरीकडे अरुंद (एका मार्गिकेची) एअरबस. पगाराच्या श्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे, संघटना वेगळ्या. हे जुळवायचं सोडून आधी फक्त नाव एक केलं. सेवाशर्ती जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली, तिचा अहवाल आला २०१२ मध्ये, म्हणजे विलीनीकरणाला जवळपास पाच वर्षं झाल्यावर. दरम्यान २००८ मध्ये इंधन भडकलं, २०११ मध्ये समान वेतनावरून वैमानिकांचा संप झाला, आणि २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानाचं प्रशिक्षण कोणाला मिळणार यावरून ५८ दिवसांचा. त्याच वर्षी सरकारनं सुमारे ३० हजार कोटींचं भांडवल टप्प्याटप्प्यानं द्यायचं ठरवलं. त्यातला मोठा भाग जुनी देणी आणि व्याज भागवण्यात गेला.

आणि याच कंपनीनं १९९० मध्ये कुवेतवर इराकचं आक्रमण झालं तेव्हा इंडियन एअरलाइन्सच्या साथीनं जॉर्डनमधल्या अम्मानहून ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून १ लाख ११ हजारांहून अधिक भारतीय मायदेशी आणले. माणसांच्या कर्तबगारीत उणीव नव्हती, हे यावरून दिसतं.

१४. एअर इंडिया परत घेताना टाटांनी १८ हजार कोटी रुपये सरकारला दिले का?

रोख २,७०० कोटी दिले. उरलेलं १५,३०० कोटींचं कर्ज स्वतःवर घेतलं. दोन्ही मिळून १८ हजार कोटी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होतं, म्हणजे बाकीचा बोजा सरकारकडेच राहिला. तो वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेला. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायचा प्रयत्न झाला तेव्हा एकही बोली आली नव्हती. टाटांनी जिंकलेल्या बोलीचा निकाल ८ ऑक्टोबर २०२१ ला जाहीर झाला आणि ताबा २७ जानेवारी २०२२ रोजी मिळाला. विकत घेण्यासारखं काय होतं, असाही प्रश्न येतो. लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळांवर उतरण्याच्या राखीव वेळा, परदेशी मार्गांचे हक्क, विमानं आणि प्रशिक्षित माणसं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पैसे मोजूनही सहजासहजी मिळत नाहीत.

१५. नरिमन पॉइंटची इमारतही टाटांना मिळाली का?

नाही. जमिनी आणि इमारती व्यवहारातून वगळल्या होत्या. १९७४ ची ही २३ मजली इमारत कंपनीचं मुख्यालय होती. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत तीही लक्ष्य झाली. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र सरकारला द्यायला मंजुरी दिली.

१६. नवीन बोधचिन्ह आलं म्हणजे महाराजा गेला का?

गेला नाही, पण पहिल्यासारखा पुढे नाही. जुनं चिन्ह बाण सोडणाऱ्या अश्वमानवाचं होतं. विलीनीकरणानंतर हंस आणि कोणार्कचं चक्र आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये खिडकीच्या चौकटीवर बेतलेलं ‘द व्हिस्टा’ हे नवं चिन्ह आलं.

१७. विस्तारा, एअर इंडिया एक्सप्रेस आणि अलायन्स एअर यांतलं टाटांचं काय?

विस्तारा ही टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. त्याबदल्यात सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचे २५.१ टक्के आले. एअर इंडिया एक्सप्रेस ही कमी भाड्याची कंपनी २०२१ च्या व्यवहारातच टाटांकडे आली. पूर्वीची एअरएशिया इंडिया ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यात मिसळली. अलायन्स एअर मात्र सरकारीच आहे.

१८. पंतप्रधानांचं ‘एअर इंडिया वन’ आता खासगी झालं का?

नाही. ती दोन खास बोइंग ७७७ विमानं विक्रीत नव्हती. ती सरकारची आहेत आणि हवाई दलाचे वैमानिक ती चालवतात.

१९. अहमदाबादच्या अपघाताचं कारण ठरलं का?

१२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेलं बोइंग ७८७ उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण गेले. एक प्रवासी वाचला. पुढच्या महिन्यातल्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एकामागोमाग ‘बंद’ स्थितीत गेले. ते का आणि कसे गेले, यावर त्या अहवालानं निष्कर्ष काढलेला नाही. त्यामुळे केवळ त्याच्या आधारे वैमानिक, निर्माता किंवा कंपनी यांपैकी कोणालाही दोषी धरणं चूक आहे. माँ ब्लाँच्या बाबतीत चौकशीपेक्षा अफवा कशा जास्त टिकल्या, ते प्रश्न १० मध्ये आहेच.

२०. टाटांनी मागवलेली विमानं कुठे आहेत? प्रवाशाला फरक का दिसत नाही?

फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर झाली: २५० एअरबस, २२० बोइंग. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० एअरबस. अशा मागण्या अनेक वर्षांत टप्प्याटप्प्यानं पुऱ्या होतात, आणि सध्या जगभर विमानं, इंजिनं, अगदी आसनंही उशिरा मिळत आहेत. तोवर जुन्या रुंद विमानांचा अंतर्भाग बदलण्याचं काम चालू आहे. म्हणून एकाच कंपनीच्या दोन उड्डाणांत आज अगदी वेगळा अनुभव येऊ शकतो. तिकीट काढताना विमानाचा प्रकार पाहून घेणं चांगलं, पण ऐनवेळी विमान बदललं जाऊ शकतं, हे गृहीत धरा.